फोम आणि फ्लीसचं बोलकं पपेट: सुरुवात तोंडापासून

पपेट करायचं ठरलं की पहिल्यांदा करणारे बहुतेक जण चेहऱ्याचं चित्र काढायला बसतात. डोळे कसे, नाक केवढं, केस कुठल्या रंगाचे. चित्र छान होतं. मग त्यावरून डोकं बनतं, आणि शेवटी कळतं की आत हात नीट शिरत नाही, किंवा शिरला तरी तोंड अर्धंच उघडतं. हाताच्या पपेटमध्ये बघणाऱ्याची नजर खिळते ती तोंडावर. तोंड हलकं चाललं तर बटणाचे डोळेही जिवंत वाटतात, आणि तोंड अडलं तर बाकीची सगळी कलाकुसर फुकट जाते. म्हणून इथे काम उलट्या टोकानं करायचं आहे: आधी हात, मग जबडा, मग डोकं, आणि चेहरा सगळ्यात शेवटी.

खाली दिलेली मापं मोठ्या माणसाच्या मध्यम हाताची आहेत. ती एकमेकांवर बेतलेली आहेत, त्यामुळे एक बदललं तर दुसरंही बदलावं लागेल. कुठलं कशाला बांधलेलं आहे ते त्या त्या ठिकाणी सांगतो.

साहित्य

फोम हवा तो गाद्या-उशांमध्ये वापरतात तसला मऊ पॉलियुरेथेन फोम, १२ मिमी जाडीचा. तुकडा मुठीत चुरगाळून सोडा. लगेच मूळ आकारात आला तर घ्या, सुरकुती राहिली तर परत ठेवा. हस्तकलेसाठी रंगीत पातळ ताव मिळतात, तो ईव्हीए फोम. त्यातली छिद्रं बंद असतात, तो दाबला जात नाही आणि हाताबरोबर वाकत नाही. भुवया, दात, नखं यांना तो उत्तम, डोक्याला नाही.

कापड म्हणून फ्लीस घ्यायचं कारण तिहेरी आहे. ते ताणतं, कापल्यावर त्याचे दोरे सुटत नाहीत, आणि त्याच्या लवेत शिवण लपते. व्यावसायिक मंडळी अँट्रॉन नावाचं नायलॉनचं फ्लीस वापरतात. त्याची लव दाट असते आणि त्यावर घरच्या घरी अ‍ॅसिड डाय (नायलॉनवर बसणारा रंग) चढवता येतो. नेहमीचं स्वेटशर्टाचं फ्लीस पॉलिएस्टरचं असतं. पहिल्या पपेटला ते पुरे, पण घरगुती रंग त्यावर धड बसत नाही, तेव्हा हवा तोच रंग विकत घ्या. दोन्ही बाजूंना लव असलेलं आणि जरा जाडसर बघा. पातळ फ्लीसमधून फोमचे जोड दिसतात.

गोंद कॉन्टॅक्ट अ‍ॅडहेसिव्ह प्रकारचा घ्या, चपला आणि सनमायका चिकटवायला वापरतात तो. ग्लू गननं काम झटपट होतं हे खरं, पण त्याचा जोड टणक कांडीसारखा राहतो आणि फ्लीसखालून बोटाला लागतो. बाकी सामान घरचंच: नवं पातं घातलेलं कटर, चांगली कात्री, मार्कर, टाचण्या, कापडाच्या रंगाचा मजबूत पॉलिएस्टर दोरा, जबड्याच्या अस्तरासाठी काळं किंवा गडद लाल फेल्ट, रुंद इलॅस्टिक आणि डोळ्यांसाठी टेबल टेनिसचे चेंडू.

जबडा

कागदाची चौघडी घालून एक लंबगोल कापा, १८ सेंमी लांब आणि १२ सेंमी रुंद. तो रुंदीच्या रेषेवर मधोमध दुमडला की वरचा आणि खालचा असे दोन जबडे मिळतात, प्रत्येक ९ सेंमी खोल. हाताची चार बोटं जोडून त्यावर ठेवा. दोन्ही बाजूंना साधारण दीड-दोन सेंमी जागा उरली पाहिजे. हात मोठा असेल तर रुंदी १३ करा.

हा आकार दोन-तीन मिमी जाडीच्या, कडक पण किंचित लवणाऱ्या वस्तूतून कापायचा. गॅस्केटचं रबर किंवा पातळ प्लास्टिक शीट चांगली. पुठ्ठाही चालतो, पण तळहाताच्या घामानं तो मऊ पडतो, म्हणून दोन थर चिकटवून वर टेप गुंडाळा. दुमडीवर आकार पूर्ण कापून दोन तुकडे करा आणि मध्ये ३ मिमी फट ठेवून दोन्ही बाजूंनी कापडी टेप लावा. ही फट ठेवायला विसरू नका. तुकडे एकमेकांना चिकटून ठेवले तर जबडा मिटताना कडा कडांवर चढतात आणि तोंड पूर्ण बंदच होत नाही.

आता मागच्या बाजूला, म्हणजे हाताच्या बाजूला, बोटांची सोय. वरच्या जबड्यावर चार बोटांसाठी रुंद इलॅस्टिकचा पट्टा आडवा लावा, खालच्या जबड्यावर अंगठ्यासाठी एक छोटा कप्पा. बोटांची टोकं पुढच्या कडेपासून दोनेक सेंमीवर पोचली पाहिजेत. मागेच राहिली तर जबड्याचं टोक लुळं पडतं. अंगठा आखूड असतो, त्याचा कप्पा बिजागरीच्या, म्हणजे टेप लावलेल्या दुमडीच्या, जवळ सुरू करा.

एवढं झालं की पुढे जायची घाई करू नका. हा नुसता जबडा हातात घालून वर्तमानपत्रातला एखादा रकाना मोठ्यानं वाचा आणि त्याबरोबर तोंड चालवा. बोटं निसटतात का? अंगठ्याला ओढ बसते का? जे काही खटकतं ते आत्ता दोन मिनिटांत सुधारतं. डोकं चढल्यावर हाच दोष काढायला सगळं उसवावं लागतं.

डोक्याचा बेत

सपाट फोमचा गोल घुमट करायचा म्हणजे त्याला कळ्या पाडायच्या, परकराला पाडतात तशा, फक्त इथे त्या वर टोकाला मिळतात.

फोमची ४८ सेंमी लांब, २४ सेंमी उंच पट्टी घ्या. लांबी हा डोक्याचा घेर. खालच्या १२ सेंमीत तोंड आणि हनुवटी येणार, वरच्या १२ सेंमीत कळ्या. कळ्या चार, प्रत्येक बुडाशी १२ सेंमी रुंद आणि १२ सेंमी उंच. खरी मेख त्यांच्या कडांत आहे. कडा सरळ कापल्या तर डोकं विदूषकाच्या टोपीसारखं टोकदार होतं. गोल हवं असेल तर कडा बाहेर फुगलेल्या हव्यात, आणि किती फुगलेल्या हे अंदाजावर सोडायची गरज नाही. बुडापासून ४ सेंमी उंचीवर कळीची रुंदी १०.४ सेंमी, ६ सेंमीवर ८.५, ८ सेंमीवर ६, आणि १२ वर शून्य. हे बिंदू कागदावर मांडून हलक्या हातानं वक्ररेषा काढा. एक कळी नीट कापून झाली की तीच बाकीच्यांना साचा. उभट डोकं हवं असेल तर कळ्यांच्या खालची पट्टी उंच करा, चपटं हवं असेल तर कळ्यांची उंचीच १० पर्यंत आणा आणि मधले बिंदू त्याच प्रमाणात खाली घ्या.

आणखी एक गोष्ट, जी अनेक तयार नमुन्यांत सांगितलेली नसते. चार पूर्ण कळ्या ओळीनं काढल्या तर पट्टीच्या बरोबर मध्यावर दोन कळ्यांचा जोड येतो, म्हणजे कपाळाच्या मधोमध शिवण. ती कितीही सफाईनं घातली तरी प्रकाशात दिसते. म्हणून पट्टीच्या दोन्ही टोकांना अर्धी-अर्धी कळी काढा आणि मध्ये तीन पूर्ण. टोकं जोडली की दोन अर्ध्यांची मागची एक कळी होते, आणि समोर अखंड कळीचं स्वच्छ कपाळ येतं.

तोंडाचा छेद खालच्या कडेपासून ६ सेंमी उंचीवर, आडवा, मध्यापासून दोन्हीकडे १२-१२ सेंमी, म्हणजे एकूण २४. हा आकडा जबड्यावरून आला आहे. १८ बाय १२ च्या लंबगोलाच्या अर्ध्या परिघाची लांबी जवळजवळ २४ सेंमी भरते. तुम्ही जबडा मोठा केला असेल तर त्याच्या वक्र कडेवर दोरा फिरवून मोजा आणि छेद तेवढाच ठेवा. घेरही मग त्याच्या दुप्पट घेतला की प्रमाण बिघडत नाही.

खुणा फोमच्या आतल्या बाजूला करा, कारण मार्करची रेघ फिकट फ्लीसमधून दिसते. कापताना पातं काटकोनात धरा, फोम दाबू नका, आणि करवतीसारखं पुढेमागे न करता लांब, सलग ओढा. तिरकी कापलेली कड जोडताना बाहेर खोबण पडते. पात्याची धार गेल्याचं फोम लगेच सांगतो: कड दाताने कुरतडल्यासारखी दिसते. तसं दिसलं की पात्याचा पुढचा तुकडा मोडून नवी धार काढा.

जोडणी

गोंद दोन्ही कडांना पातळ लावा आणि थांबा. पाच ते दहा मिनिटांनी बोट टेकवलं की चिकट वाटतं पण बोटाला काही लागत नाही, तेव्हा जोडायची वेळ झाली. ओल्या गोंदावर कितीही दाबून धरलं तरी जोड सुटतो. याच्या वाफा डोक्यात जातात आणि पेटही घेतात, तेव्हा खिडकी उघडी, गॅस-मेणबत्ती लांब, आणि हे काम मुलांच्या हाती द्यायचं नाही.

हा गोंद एकदा टेकला की टेकला. म्हणून प्रत्येक कळी आधी बुडाशी आणि टोकाशी चिमटीनं जुळवा, मग मध्यावर, आणि शेवटी उरलेले भाग दाबत जा. एका टोकापासून सरकत गेलात तर शेवटी एका बाजूला फोम उरतो. चारही टोकं वर मिळाल्यावर आतून एक छोटी गोल टिकली चिकटवली की तो जोड पक्का. त्यानंतर मागची उभी कड जोडा. छेदाच्या दोन्ही टोकांना आतून फ्लीसची चिंधी चिकटवा, नाहीतर रोजच्या उघडझापीनं फोम तिथूनच फाटत जातो.

मग जबडा. तो छेदातून आत बसवायचा, फोमची कापलेली कड जबड्याच्या मागच्या बाजूला, काठाशी बरोबर लागेल अशी. आधी वरच्या ओठाचा मध्य, मग दोन्ही कोपरे, मग मधला भाग. खालचा ओठही तसाच. जबड्याची रुंदी डोक्याच्या व्यासापेक्षा कमी असल्यानं गाल थोडे आत ओढले जातात, ते तसंच अपेक्षित आहे. हनुवटी फार रुंद वाटली तर खालच्या कडेला मधोमध दोन सेंमी रुंदीचा डार्ट, म्हणजे त्रिकोणी काप, काढून कडा चिकटवा. हात घालून बघा. या टप्प्यावरचा बिनडोळ्यांचा पिवळा गोळाही बोलताना हसू आणतो, आणि आणत असेल तर तुमचं अर्ध्याहून जास्त काम झालं.

फ्लीस चढवणं

फ्लीस एका दिशेला जास्त ताणतं. ती दिशा डोक्याभोवती आडवी आली पाहिजे, आणि लव वरून खाली झोपली पाहिजे. बेत फोमचाच, लांबी ४८ आणि शिवणीसाठी जादा काही नाही. फोम वाकल्यावर त्याचा बाहेरचा घेर ५२ च्या आसपास जातो, तेवढं कापड ताणून बसतं आणि सुरकुती राहत नाही. उंचीच्या दिशेला मात्र ताण कमी, म्हणून तिथे माया, म्हणजे जादा कापड, हवी: कळ्या १३ सेंमी उंच, कळ्यांपासून तोंडाच्या रेषेपर्यंत ७, आणि त्याखाली १०. एकूण ३०. तोंडाची रेष आत्ता फक्त आखा, कापू नका.

कळ्या हातानंच शिवा. मशीनची शिवण आत उलटून एक कडक वळी करते, आणि घुमटावर ती उठून दिसते. हेन्सन स्टिच म्हणून जो टाका ओळखला जातो तो इथे लागतो. दोन्ही कडा सुलट्या बाजूनं शेजारी शेजारी ठेवा, एकावर एक नाही. सुई एका कडेच्या जाडीत कडेला समांतर तीन मिमी चालवून बाहेर काढा, समोरच्या कडेत बरोबर समोर घाला, तिथेही तीन मिमी चालवा, परत पहिल्या कडेवर या. दोरा शिडीच्या पायऱ्यांसारखा दिसेल. चार-पाच टाके झाले की दोरा सावकाश ओढा, पायऱ्या आत जातात आणि कडा एकमेकींना भिडतात. फार ओढलात तर खळगा पडतो. शेवटी शिवणीवरून सुईच्या टोकानं किंवा जुन्या दातांच्या ब्रशनं लव उपसा. चांगल्या फ्लीसवर शिवण कुठे होती ते हात फिरवूनच शोधावं लागतं.

कळ्या आणि मागची शिवण झाली की ही टोपी फोमवर ओढा, समोरचा मध्य जुळवा, आणि मगच तोंडाची रेष कापा, कोपऱ्यांशी फोमच्या छेदापेक्षा अर्धा सेंमी कमी. वरची कड सेंटिमीटरभर आत वळवून जबड्याच्या दर्शनी बाजूवर चिकटवा. खालची कड, खाली सोडलेली माया वर ओढून तशीच. कोपऱ्यांकडे हे वळवणं कमी कमी होत संपतं. या सगळ्या कडा झाकायला फेल्टचा लंबगोल अस्तर म्हणून आत चिकटवा, आणि तो तोंड पूर्ण उघडं ठेवून. मिटलेल्या तोंडात बसवलेलं अस्तर उघडताना ताणून सुटतं. जीभ हवी असेल तर ती बिजागरीवर आडवी न लावता फक्त खालच्या जबड्यावर लावा.

बाकी फ्लीस फोमला सगळीकडे चिकटवायचं नाही. तोंडाशी, गळ्याशी आणि डोळ्यांच्या जागी तेवढं पुरे. सगळीकडे गोंद फासला की डोकं ढोलकीसारखं ताठ होतं.

डोळे, नाक, केस

मपेट्सचा अमेरिकन निर्माता जिम हेन्सन यानं १९५५ साली आईच्या जुन्या कोटातून केर्मिट हे आपलं गाजलेलं पपेट शिवलं, तेव्हा डोळे म्हणून टेबल टेनिसचा चेंडू अर्धा कापून लावला होता. आजही नवख्यासाठी याहून सोपी वस्तू नाही. आताचे चेंडू ४० मिमी व्यासाचे असतात आणि या मापाच्या डोक्यावर ते बरोबर दिसतात. जुने चेंडू सेल्युलॉइडचे असत आणि तो पटकन पेट घेतो, त्यामुळे तापवलेल्या पात्यानं कापायच्या फंदात पडू नका.

डोळे आधी टाचणीनं टेकवा. बुबुळं म्हणजे काळ्या फेल्टच्या सेंटिमीटरभर टिकल्या. त्या डोळ्यांच्या बरोबर मध्यावर ठेवल्या तर पपेट शून्यात बघतं. दोन्ही बुबुळं नाकाच्या बाजूला किंचित सरकवली की त्याची नजर कशावर तरी स्थिरावते आणि ते विचार करत असल्यासारखं वाटू लागतं. डोळे जवळ-जवळ आणि नाक त्यांच्या लगेच खाली ठेवलं तर एक घट्ट त्रिकोण बनतो, लांबून बघणाऱ्याला चेहरा तिथे सापडतो. पपेट बाटलीवर उभं करा, दोन मीटर मागे जा, फोनवर फोटो काढा. डोळा मिलिमीटरभर हलवला की स्वभाव बदलतो, हे फोटोत स्पष्ट दिसतं. मनासारखं होईपर्यंत गोंदाला हात लावू नका.

नाकासाठी फोमचा लहान गोळा कात्रीनं छाटा, फ्लीसच्या गोल तुकड्याच्या कडेनं धावदोरा घालून त्यावर आवळा आणि शिवून टाका. केसांना लोकर, पिसं, कृत्रिम फर काहीही चालतं. फर मात्र मागच्या बाजूनं कटरनं नुसतं विणकाम कापून बेता. कात्री चालवली की केसच कापले जातात आणि कडेला बोडका पट्टा पडतो.

अंग आणि हात

यात फार अडकायचं कारण नाही. फ्लीसची एक नळी, कोपराच्या खाली पोचेल एवढी लांब, गळ्याशी शिवली की अंग झालं. खांदे दिसायला हवे असतील तर आत फोमची एक पट्टी गोल करून घाला. हात म्हणजे २८-३० सेंमीच्या नळ्या, तीन बोटं आणि अंगठा. चौथं बोटही घातलं तर पंजा गचडीचा दिसतो. कापूस हलका भरा आणि कोपराशी रिकामा ठेवा म्हणजे हात तिथून वाकतो. पंजाला सुमारे ४० सेंमीची स्टीलची काडी लावली की दुसऱ्या हातानं तो हलवता येतो. जुन्या छत्रीची काडी काळी रंगवून चालते. टोक आधी वळवून घ्या, नाहीतर ते फ्लीस भोसकून बाहेर येतं.

बोलायला लावणं

पपेट तयार झालं तरी बोलत नाही, त्याला बोलायला शिकवावं लागतं. नवखा माणूस शब्दावर तोंड मिटतो, त्यामुळे पपेट शब्द चावतंय असं वाटतं. तोंड शब्दाबरोबर उघडलं पाहिजे. ‘बाहुला’ म्हणताना तीन वेळा: बा-हु-ला. ‘आ’ ला मोठं, ‘उ’ ला थोडं. प, ब, म या अक्षरांआधी मात्र तोंड नक्की मिटलेलं हवं, कारण ते बघणाऱ्याच्या लगेच लक्षात येतं. वरची बोटं शक्यतो स्थिर ठेवून अंगठा खाली पाडायचा. बोटं वर उचललीत तर प्रत्येक अक्षराला डोकं मागे झटकतं.

नजरही सांभाळायची. हात उभा धरला की मनगट आपोआप मागे झुकतं आणि पपेट छताशी गप्पा मारतं. मनगट पुढे वाकवा, तुम्हाला वाटतं त्याहून थोडं जास्तच. आरशासमोर रोज थोडा वेळ, एक ते वीस आकडे म्हणत. हात थरथरायला लागला की थांबा, दुखऱ्या हाताचं पपेट मरगळलेलंच दिसतं.

ठेवणं

घाण झाली तर ओलसर फडक्यानं वरच्यावर पुसा, मशीनमध्ये टाकू नका. पॉलियुरेथेन फोम उजेडानं पिवळा पडतो आणि काही वर्षांत भुगा होऊ लागतो, म्हणून उन्हात ठेवायचं नाही. पेटीत दाबून ठेवलं तर डोक्याला पोचा पडतो. जाड बाटलीवर उभं करून वर सुती कापड टाकलेलं चांगलं. आणि जबडा, कळ्या, फ्लीस या तिन्हींचे कागदी बेत मापं लिहून पाकिटात घाला. फोमनं दगा दिला तरी डोळे, केस आणि फ्लीस उतरवून त्याच बेताच्या नव्या डोक्यावर चढवता येतात.